हालिनाबाईंचं ‘नको’

टूनगॅबी, ११ फेब्रुवारी २०२४

रवीदादा,

तू फोनवर नुसतं ‘हं’ करतोस आणि मेलला उत्तर द्यायला विसरतोस. कागदाचं पत्र आलं की मात्र तुझ्यातला पंडित उठून बसतो, हे मावशीने मला फार पूर्वी सांगून ठेवलंय. म्हणून तिकीट लावून लिहितेय. काम आहे.

वेस्टमीडजवळच्या ज्या केअर होममध्ये मी काम करते तिथे नोव्हेंबरपासून हालिनाबाई म्हणून एक पोलिश आजी आहेत. वय एक्क्याऐंशी. पन्नास वर्षं या देशात काढली, शाळेच्या कँटीनमध्ये नोकरी केली, इंग्रजी फाडफाड बोलायच्या म्हणे. स्ट्रोक आला आणि इंग्रजी गेलं ते गेलंच. पोलिश तेवढं शाबूत आहे. मुलगी, एवा, न्यूकॅसलहून दर शनिवारी येते. आईला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या पोलिश होममध्ये हलवावं असं तिच्या मनात आहे. तिथे निदान बोलायला माणसं मिळतील.

पण हालिनाबाईंना इथे एक माणूस मिळालंय. मिसेस पाक, कोरियन, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या. इंग्रजी म्हणजे ‘थँक्यू’ आणि ‘नो वरीज’. ख्रिसमसपासून दोघी एकाच टेबलावर बसतात. एक पोलिशमध्ये बोलते, दुसरी कोरियनमध्ये, आणि दोघींचं दिवसभर संपत नाही. आल्यापासून हालिनाबाई आमच्या किचनचं काही खात नव्हत्या, वजन उतरत चाललं होतं. मिसेस पाकची मुलगी रोज डब्यात भाताची मऊ पेज आणते, जुक म्हणतात तिला. मिसेस पाक त्यातली अर्धी हालिनाबाईंपुढे सरकवतात आणि त्या खातात. नर्सची हरकत नाही. जानेवारीत वजन सव्वा किलो वाढलं.

म्हटलं, यांना एक कार्ड करून द्यावं. एका बाजूला पोलिश, समोर तेच कोरियनमध्ये. एकीने बोट ठेवायचं, दुसरीने वाचायचं. फोनमधलं अ‍ॅप करून बघितलं, तर दोघींनी ‘ही कोण बाई मध्ये बोलतेय’ अशा नजरेने फोनकडे पाहिलं आणि टेबलावर पालथा घातला.

तुझ्या कंपनीत फॉर्म आणि सूचना वीस भाषांत करतात ना? मग पोलिश आणि कोरियन माणसं असतीलच. सोबत यादी आहे. एकोणतीस वाक्यं, मराठीत, जशी सुचली तशी. मोठ्या अक्षरात कर. चष्मे दोघींचेही कधी जागेवर नसतात.

चारुतावहिनीला सांग, लोणचं पोचलं.

शुभा

ट्रुगानिना, मेलबर्न, २५ फेब्रुवारी २०२४

शुभे,

(संस्कृतात एम. ए. करून पुढे सॉफ्टवेअर तपासत बसलेल्या माणसाला बहिणीला शुद्ध संबोधनात हाक मारणं एवढाच त्या पदवीचा उपयोग उरतो. तो मी सोडणार नाही.)

सोबत कार्डाच्या चार प्रती. लॅमिनेट केल्या आहेत, पेज सांडली तरी पुसता येईल.

हे कसं घडलं ते ऐक. आमच्या टीममध्ये मारेक नावाचा पोलिश गृहस्थ आहे. कुठलंही वाक्य सुरू करण्याआधी तो एक उसासा टाकतो. कोरियन बाजूला जी-उन. वय तीस, मतं साधारण साठ. तीन दिवस आम्ही लंच ब्रेकमध्ये बसलो. मराठीचा अर्थ मी इंग्रजीत सांगायचा, मारेकने पोलिशमध्ये लिहायचं, आणि जी-उनने माझ्या इंग्रजीवरून न लिहिता मारेकला खोदून खोदून विचारून मग कोरियनमध्ये लिहायचं, असा मी नियम घातला. बोट पोलिशवर पडणार असेल तर कोरियनने पोलिशचंच ऐकायला हवं, मध्ये इंग्रजीची लुडबुड कशाला?

पहिल्याच वाक्यात अर्धा ब्रेक गेला. ‘कशा आहात?’

मारेक म्हणाला, “हे विचारू नका. आमच्याकडे लोक खरं उत्तर देतात. गुडघ्यापासून सुरू करतात आणि सरकारपाशी संपवतात.”

जी-उन म्हणाली, “आमच्या आज्या असं विचारतच नाहीत. जेवलात का, असं विचारतात.”

मी म्हटलं, “आमच्याही.”

मारेकने उसासा टाकला. “मग तुम्ही दोघं मिळून कार्ड करा. मी त्या बाईंना फोन करून माफी मागतो.”

शेवटी पोलिश बाजूला ‘कशा आहात’ आणि कोरियन बाजूला ‘जेवलात का’ असं ठेवलं. शब्द निराळे, काम तेच. ‘मला कंटाळा आलाय’ हे जी-उनने साफ नाकारलं. तिच्या मते म्हाताऱ्या बायका असं म्हणत नाहीत, ‘आज दिवस लांब आहे’ असं म्हणतात. मारेक कधी नव्हे ते लगेच कबूल झाला.

तुझी यादी मात्र, शुभे, यादी नव्हती, ओट्यापाशी उभं राहून मारलेल्या गप्पा होत्या. थोडी झाडलोट केली. सव्वीस ओळी उरल्या. सूत्रं घोकत वाढलेल्या माणसाला एक अक्षर जास्त दिसलं तरी हात शिवशिवतात, त्याला माझा इलाज नाही. लाघव, म्हणजे शब्दांची काटकसर, कशाला म्हणतात ते कार्ड बघून कळेल.

माझी सर्वांत आवडती ओळ चौदावी आहे. ‘नको, धन्यवाद. माझं पोट भरलं आहे.’ सभ्य, नेमकी, संशयाला जागा नाही.

रवी

टूनगॅबी, १० मार्च २०२४

रवीदादा,

कार्ड मंगळवारी हातात दिलं. मिसेस पाकने चष्मा कार्डिगनला पुसला आणि पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. हालिनाबाईंनी ती मोठ्याने वाचली, मग तिथे न थांबता सव्वीसच्या सव्वीस वाचून काढल्या, रेल्वे स्टेशनवर घोषणा करतात तशा. मग मिसेस पाकने आपली बाजू वाचली. मग दोघी हसल्या. का, ते मला कळलं नाही आणि त्या मला सांगू शकत नाहीत.

गुरुवारी हालिनाबाईंनी नवव्या ओळीवर बोट ठेवलं, ‘माझा गुडघा दुखतोय.’ मिसेस पाकने घंटी दाबली आणि नर्स आल्यावर तिला कोरियनमध्ये चांगलं सुनावलं, स्वतःचा गुडघा बडवत. नर्सला बरोबर समजलं. नाहीतर या बाई दुखणं दोन-दोन दिवस अंगावर काढायच्या.

‘आज दिवस लांब आहे’ तर दिवसातून सहा वेळा चालते. आमचा फिजिओ राघव शिफ्ट संपताना येऊन मलाच ती ओळ दाखवतो.

तुझी लाडकी चौदावीही जोरात आहे. मिसेस पाकचा डबा हल्ली लवकर बंद होतो, टेबल दहा मिनिटांत मोकळं. किचनवाले खूश. एवाने शनिवारी कार्डाचा फोटो काढला, डोळे पुसले आणि मला म्हणाली, “यू लेजंड.” ते तुझ्यापर्यंत पोचवतेय.

शुभा

ट्रुगानिना, १७ मार्च २०२४

शुभे,

‘लेजंड’ पावलो. घरात जाहीर करून पाहिलं, कोणी उठून उभं राहिलं नाही.

जेवणाचं टेबल दहा मिनिटांत मोकळं होतं हे वाचून विशेष समाधान वाटलं. नेमकं बोललं की वेळ वाचतो, हे मी चारुताला तेवीस वर्षं सांगतोय. मारेकने खुशीत घरची खारवलेली काकडी बरणीभर दिली. चारुता म्हणते, हे लोणचं नव्हे, ही नुसती रुसलेली काकडी. बरणी चार दिवसांत अर्धी झाली, ती कोणी केली कोण जाणे.

दुसऱ्या आवृत्तीचा विचार आहे. हवेवर चार ओळी घालाव्यात. ऋतिका युनीतून आली, मी टिपणं काढताना पाहिलं आणि म्हणाली, “बाबा, इट्स अ लॅमिनेटेड शीट. चिल.”

तिच्या पिढीला प्रस्तावनेचं महत्त्व नाही.

रवी

टूनगॅबी, ४ एप्रिल २०२४

रवीदादा,

आवृत्ती राहू दे. इथे गडबड झालीय.

मार्चचं वजन आलं. हालिनाबाई दोन किलो चारशे ग्रॅम उतरल्या. सोमवारपासून मिसेस पाक खिडकीजवळच्या टेबलावर एकट्या बसतात. हालिनाबाई आपल्या जागी, तोंड भिंतीकडे. तीस एप्रिलला बैठक आहे. मी, मॅनेजर, डाएटिशियन आणि एवा. एवाने पोलिश होममध्ये खोली बघून ठेवलीय. म्हणते, “कार्डामुळे वाटलं होतं की आई रुळली. पण जेवतच नसेल तर काय उपयोग?” ही बाई गेली तर दोघीही खचतील, हे मला दिसतंय. डाएटिशियनच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

मिसेस पाकने टेबल बदलायच्या आधीच्या आठवड्यात मी माझा ब्रेक त्यांच्या शेजारी काढला होता. पेज पुढे आली. हालिनाबाईंनी चौदाव्या ओळीवर बोट ठेवलं. मिसेस पाकने वाचलं, मान लववली, डबा बंद केला. आणि हालिनाबाई त्या बंद डब्याकडे बघत राहिल्या. मी रोज चौघींना भरवते दादा. भुकेल्या माणसाचं बघणं मला कळतं.

एवाला फोन केला. ती म्हणाली, “ऑफ कोर्स ती नको म्हणते. आई पहिल्यांदा कधीच हो म्हणत नाही. दुसऱ्यांदाही नाही. लगेच घेतलं तर हावरट दिसतं, असं तिच्या आईने शिकवलंय.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. जानेवारीतही हालिनाबाई ‘नको’च म्हणत होत्या. पोलिशमध्ये. मिसेस पाकना ते कळत नव्हतं, म्हणून त्या वाटी सरकवत राहायच्या आणि तिसऱ्या वेळी ही बाई मुकाट्याने चमचा उचलायची. काही कळत नव्हतं तोवर ती जेवत होती. आपण भाषांतर केलं आणि तिला उपाशी ठेवलं.

मिसेस पाकच्या मुलीलाही गाठलं. तिने आईला विचारून मला सांगितलं, “आई म्हणते, तोंडाने नको म्हणणाऱ्या बाईला मी दहादा वाढीन. पण नको असं छापून आणणाऱ्या बाईला काय विचारायचं? एवढं तयारीने कोणी कोणाला नाही म्हणतं का?”

कार्ड काढून घ्यावं, तर गुडघ्याची ओळ लागते. ठेवावं, तर हे असं. त्यात नकार आहे, पण वाढणाऱ्या बाईच्या तोंडचं एकही वाक्य नाही. आग्रह करायचं मी लिहायला विसरले तरी कशी? चार पंगती वाढल्यात मी हयातीत. यादीची कॉपी ठेवली नाही, नाहीतर स्वतःचा कान धरून बघितली असती. तुम्ही तिघांनी एवढे कष्ट घेतले आणि मूळ यादीच लंगडी निघाली. सॉरी दादा.

शुभा

ट्रुगानिना, ९ एप्रिल २०२४

शुभे,

तू स्वतःला दोष देऊ नकोस. मोठ्या कामात एखाद-दुसरं वाक्य सुटतं. ते कोणाकडून सुटलं ही चर्चा या क्षणी गौण आहे. कार्ड दुरुस्त केलं जाईल. आवश्यक ती वाक्यं घातली जातील. तीस तारखेच्या आत पाठवलं जाईल.

काळजी केली जाऊ नये.

रवी

ट्रुगानिना, ११ एप्रिल २०२४

शुभे,

परवाच्या पत्रात काय लिहिलंस, असं चारुताने विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, “केलं जाईल, घातली जातील. तू असं बोलायला लागलास की काहीतरी फोडलेलं असतं.” आणि उठून माझ्या टेबलाचा खण उघडला.

तुझी यादी तिथेच होती. सतरा, अठरा, एकोणीस. तुझ्या अक्षरात.

‘घ्या ना थोडं.’

‘अहो, काहीच खाल्लं नाहीत तुम्ही.’

‘एकच चमचा, माझ्यासाठी.’

तिन्हींवर लाल रेघ, आणि समासात माझ्या अक्षरात: पुनरुक्ती.

तू काही विसरली नव्हतीस. मी खोडलं होतं, आणि तुझं पत्र वाचताक्षणी मला ते आठवलंही होतं. दोन दिवस मी तुला माफी मागू दिली. हे लिहायला मला तीन कागद लागले, त्यातले दोन टोपलीत आहेत.

चारुताने विचारलं, “आपलं ठरलं तेव्हा आमच्याकडे जेवायला आला होतास. किती वेळा नको म्हणालास?”

“चार.”

“आणि पुरणपोळ्या किती खाल्ल्यास?”

मी म्हटलं, तो प्रश्न इथे अप्रस्तुत आहे.

“आईने पहिल्या नकोलाच ताट उचललं असतं,” ती म्हणाली, “तर तू आज कुठे असतास?”

तिचं खरं आहे. एक गोष्ट तीनदा सांगायची तुला खोड आहे असं मी आयुष्यभर म्हणत आलो. ती तीनदाच सांगायची असते, आणि प्रत्येक वेळी थोडी वेगळी, हे तुला ओट्यापाशी कळलं. मला सहा वर्षांच्या अध्ययनानंतर नाही.

ऑफिसात कबुली दिली. मारेकने या वेळी उसासाही टाकला नाही. म्हणाला, “चौदावी ओळ लिहिताना मला वाटलं, आग्रह मागच्या पानावर असेल. तो नसेल असं मनातही आलं नाही. तो नसेल तर आमच्याकडे ख्रिसमसला सगळे उपाशी झोपतील.” जी-उनने तिन्ही ओळी दोन मिनिटांत लिहिल्या, मग खात्री वाटेना म्हणून बुसानला आईला फोन लावला. आईने फोनवरूनच चौथी ओळ घालायला लावली: ‘मी हे तुमच्यासाठीच आणलंय.’ मी एक अक्षर कमी केलं नाही.

सोबत नवं कार्ड. चारही ओळी त्याच क्रमाने, ठळक, कोरियन आधी आणि पोलिश समोर. त्यांच्याखाली पोलिश कसं उच्चारायचं तेही कोरियन लिपीत दिलंय, मारेकने म्हणून दाखवलं आणि जी-उनने लिहून घेतलं. चौदावी ओळही ठेवली आहे. नको म्हणायचीच सोय नसेल तर हालिनाबाईंनी आग्रह करून घ्यायचा तरी कसा?

आणि एक पाकीट मिसेस पाकसाठी. जी-उनने कोरियनमध्ये लिहिलंय, मजकूर माझा. त्यात एवढंच आहे की छापलेलं ‘नको’ हालिनाबाईंचं नव्हतं. ते मेलबर्नच्या एका माणसाने त्यांच्या हाती दिलं होतं, आणि त्याला वाढायचं कसं ते ठाऊक नव्हतं. एक्स्प्रेस पोस्टाने टाकतोय.

रवी

टूनगॅबी, २ मे २०२४

रवीदादा,

दोन दिवस माफी मागू दिलीस, ते लक्षात ठेवलंय. आता बाकीचं ऐक.

मिसेस पाकने तुझं पत्र दोनदा वाचलं, घडी घातली, पर्समध्ये ठेवलं. दोन दिवस खिडकीजवळच. तिसऱ्या दिवशी डबा घेऊन उठल्या आणि थेट हालिनाबाईंसमोर येऊन बसल्या. पेज पुढे केली. हालिनाबाईंचं बोट चौदाव्या ओळीवर. मिसेस पाकने कार्ड आपल्याकडे ओढलं आणि आग्रहाच्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. हालिनाबाईंनी मान हलवली. दुसरी ओळ. हालिनाबाईंनी नॅपकिनची घडी सरळ केली. तिसऱ्या ओळीला मिसेस पाकने चमचाच हातात दिला. चौथ्या ओळीची गरज पडली नाही, तरी त्यांनी ती दाखवलीच.

वजन बैठकीपर्यंत नऊशे ग्रॅम चढलं. डाएटिशियनच्या मते पुरेसं नाही. एवा म्हणाली, “मला आईलाच विचारायचंय.” म्हणून आम्ही सगळे दुपारच्या जेवणाला त्यांच्या टेबलापाशी जमलो. तिने पोलिशमध्ये विचारलं, मामो, तिकडच्या होममध्ये जायचं का?

“न्ये, जेंकुयेन,” हालिनाबाई म्हणाल्या. नको, धन्यवाद.

मॅनेजर लिहायला लागली. मला आनंद व्हायला हवा होता ना? माझ्या तोंडून निघून गेलं, “थांबा. या बाईंचा पहिला नकार धरत नाहीत.”

एवाने माझ्याकडे पाहिलं. “ओ गॉड. खरंच.” आणि खुर्ची ओढून पुन्हा विचारलं. तिथे चर्च आहे, बीटचं सूप मिळतं, सगळ्या बायका पोलिश बोलतात. हालिनाबाई म्हणाल्या, नको. आता एकच राहिलं होतं, आणि मीच ते ओढवून घेतलं होतं. जेवणाच्या टेबलावर तिसऱ्या वेळी ही बाई काय करते ते मी डोळ्यांनी बघितलेलं. तिने हो म्हटलं असतं तर माझ्याच हाताने तिची बॅग भरली असती.

एवाने आईचा हात धरला. “मामो, खरं सांग. जायचंय?”

या वेळी धन्यवाद नव्हतं. हालिनाबाई बराच वेळ बोलल्या, हातवारे करत. एवा ऐकता ऐकता हसायला लागली आणि मग रडायला. आम्हाला सांगितलं ते असं: “तिथे सगळ्या बायका काय बोलतात ते मला कळेल, हीच तर पंचाईत. माझ्या बहिणीही अशाच बोलायच्या. मी इथे बरी आहे.”

खोली सोडून दिली. डाएटिशियन पुढच्या महिन्यात पुन्हा वजन बघणार आहे.

मिसेस पाकना या सगळ्यातलं काही कळलं नव्हतं. त्यांना एवढंच दिसलं की चार माणसं त्यांच्या मैत्रिणीला काहीतरी घ्या, घ्या म्हणतायत आणि ती नको म्हणतेय, म्हणजे यांना वाढता येत नाही. त्यांनी मॅनेजरची फाइल बाजूला सारली, वाटी पुढे केली आणि कार्डाकडे न बघता, तोंडाने, पोलिशमध्ये म्हणाल्या, “येश्चे त्रोशेच्के.” अजून थोडंसं.

हालिनाबाई म्हणाल्या, “न्ये, जेंकुयेन,” आणि चमचा उचलला.

शुभा